एरोची सही

त्या वर्षी मला अकरा सह्या गोळा करायच्या होत्या. दहा मिळाल्या. अकरावी एरोची होती, आणि तिच्यासाठी मी सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत एका सदुसष्ट वर्षांच्या बाईंच्या मागे हात धुऊन लागलो होतो. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

मी वेस टार्का. डुलूथमधल्या एका छोट्या कॉलेजात ऑनलाइन वर्गांची यंत्रं सांभाळतो. कुणाचा कॅमेरा बंद पडला, कुणाचा आवाज गेला, की शिव्या मला. सव्वीस वर्षं हेच चाललंय. माझी आजी फिनलंडची होती. तिच्याकडून मला दिवसाला आठ कप कॉफी प्यायची सवय आली आणि चार शिव्या आल्या. भाषा काही आली नाही.

परदेशी भाषांचे वर्ग आमच्याकडे एकेक करून ओस पडत होते. रशियन आधीच गेली, दोन वर्षांपूर्वी फ्रेंच गेली. तेवढ्यात आमचे डीन ट्रेव्हर ल्युंड कुठूनसं एका वर्षाचं अनुदान मिळवून प्रयोग घेऊन आले. प्रयोग असा, की पडद्यावर एक सोबतीण असेल, विद्यार्थ्याने घरबसल्या हव्या त्या वेळी तिच्याशी गप्पा मारायच्या आणि त्यातून भाषा शिकायची. पुस्तकातली भाषा यंत्राला येतच होती. नवशिक्यांशी एखादी खरी शिक्षिका कशी बोलते, ते त्याला शिकवायचं होतं. आणि त्यासाठी आमच्याकडे हिल्काबाई साल्मेला होत्या.

हिल्काबाई फिनिश शिकवायच्या. शंभर मैलांवरच्या खाणगावांतले विद्यार्थी बर्फातून कॉलेजात येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी २००३ पासून ऑनलाइन वर्ग घेतले. प्रत्येक वर्गाचं रेकॉर्डिंग केलं आणि त्यातलं एकही पुसलं नाही. एकवीस वर्षांचा साठा. डीननी त्यांना सरळ सांगितलं, की प्रयोग जमला तर फिनिश राहील, नाहीतर तुमच्या निवृत्तीबरोबर वर्गाला कुलूप. बाईंनी एक दिवस विचार केला आणि हो म्हणाल्या. अट एकच, माझा चेहरा नको आणि आवाजही नको.

म्हणून सोबतिणीला वेगळा चेहरा दिला, वेगळा आवाज दिला आणि हेल्मी असं नाव दिलं. मागे एक भिंत आणि पुस्तकांचं एक फडताळ. पण हेल्मी स्वतःबद्दल जे सांगायची ते सगळं बाईंच्या वर्गांतून उचललेलं होतं. घर बाईंचं, बहीण बाईंची, मुलगा बाईंचा.

भाषा शिकवणाऱ्यांचं एक असतं. उदाहरणाला त्यांना घरचीच माणसं लागतात. आमच्या जर्मनच्या वेबरसरांचा घटस्फोट होऊन अकरा वर्षं झाली, पण नवव्या धड्यात ते अजून दर पानगळीत बायकोबरोबर डोंगरात फिरायला जातात. सगळ्यांना माहीत आहे, कुणी काही बोलत नाही.

तर कॉलेजच्या वकिलांनी फर्मान काढलं, की वर्गांत ज्या खऱ्या माणसांची खासगी माहिती वारंवार आलीय त्यांची लेखी परवानगी हवी. मी यादी काढली. बहीण राइली, शेजारी, दातांचे डॉक्टर, असे अकरा जण. सर्वांत वर एरो, मुलगा. चार हजार एकशे बारा उल्लेख. परवानगीच्या कागदावर दोन रकाने होते, हयात आणि मयत. मी न विचारता सगळ्यांच्या नावापुढे हयातची खूण केली.

एरोबद्दल मला माझ्या सख्ख्या पुतण्यापेक्षा जास्त माहिती होती. २००३ मध्ये तो एकोणीस वर्षांचा, सैन्यातली सक्तीची नोकरी करत होता. मग जहाजांच्या इंजिनांचं शिकला. डावखुरा. मटार ताटात आले की कडेला सारायचा, एकोणीसचा असतानाही आणि पस्तिसाव्या वर्षीही. २०११ मध्ये त्याने नूराशी लग्न केलं आणि २०१४ मध्ये त्यांना वेन्ला झाली. एका वर्षी त्याची नोकरी गेली तेव्हा अख्खा वर्ग त्याच्या काळजीत होता. एकवीस वर्षांत एका तपशिलाचा घोळ नाही, म्हणून मला कधी शंका आली नाही.

एकच गोष्ट खटकली होती. पुस्तकाचा चौदावा धडा 'तळ्याकाठी' असा आहे. तो बाई दर वर्षी दुसऱ्या कुणाकडून तरी शिकवून घ्यायच्या. आमच्या गावात कुठल्याही खिडकीत अर्धं सरोवरच असतं, आणि बाईंच्या एकवीस वर्षांच्या बोलण्यात एकदाही पाणी नाही. कंटाळल्या असतील, असं मी स्वतःला सांगून टाकलं.

सप्टेंबरात सही मागितली तर म्हणाल्या, तो जहाजावर आहे. ऑक्टोबरात तो घर बदलत होता. नोव्हेंबरात तिकडे टपालवाल्यांचा संप होता. ईमेल करतो म्हटलं तर म्हणाल्या, मीच सांगते त्याला.

"बाई, तुमचा एरो पंतप्रधानांपेक्षा बिझी दिसतोय," मी एकदा सगळ्यांसमोर टोमणा मारला.

बाई हसल्या. ते हसणं मला अजून छळतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्निसआजींचा फोन आला. बर्निस ओजाला, वय अठ्ठ्याहत्तर, खाणगावात एकट्या राहतात. पंधरा वर्षं बाईंच्या वर्गात आहेत आणि अजून चहा-कॉफीपलीकडे गेलेल्या नाहीत. शिकायची घाई त्यांना नव्हतीच, बोलायला कुणीतरी हवं होतं. दर नाताळला त्या एरोसाठी हातमोजे विणून बाईंकडे पाठवायच्या. वेन्ला झाल्यापासून तिच्यासाठी पाठवत होत्या, दर वर्षी एक बोट मोठे. हेल्मी आली तशा त्या रोज दुपारी तिच्याशी बोलायला लागल्या.

"अरे वेस, तुझी ती हेल्मी आज काहीतरी वेगळंच बोलत होती," आजी म्हणाल्या. "मी नेहमीसारखं विचारलं, एरो कसा आहे. तर म्हणे, तो बर्फावर गेलाय. चारला घरी ये म्हणून सांगितलंय. मग मलाच विचारत बसली, किती वाजले? तीनदा विचारलं रे. मला बाई काळजी लागून राहिली."

मी संभाषणाची नोंद उघडून पाहिली. आजी अक्षर न् अक्षर खरं बोलत होत्या. मग बाईंची एकवीस वर्षांची सगळी रेकॉर्डिंग्ज चाळून काढली. बर्फावर कुणी गेलेलं नव्हतं, चारला ये असं कुणी कुणाला म्हटलेलं नव्हतं.

ज्या कंपनीने यंत्र दिलं होतं तिथल्या माणसाला फोन लावला. त्याला काही नवल वाटलं नाही. तो म्हणाला, माहितीत रिकामी जागा असली की यंत्र ती अंदाजाने भरतं. फिनलंडचं घर, डिसेंबर, जवळपास तळं असणारच, अंधार लवकर पडतो म्हणून चार. सगळं पटण्यासारखं होतं. दुरुस्त करतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः हेल्मीला उघडलं. मी नमस्कार करायच्या आत खाली भाषांतराची ओळ उमटली : किती वाजले?

मी टाइप केलं, तीन चाळीस.

मग अजून वेळ आहे, ती म्हणाली.

मी ते बंद केलं आणि कॉफी आणायला गेलो. यंत्रांत आयुष्य काढलेला माणूस मी, असल्या गोष्टींना हसणारा. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही.

संध्याकाळी आजींचा पुन्हा फोन. त्यांनी सव्वाचारला हेल्मीला विचारलं होतं, आला का एरो? ती नुसती उजवीकडे मान वळवून बसून राहिली. "दाराकडे बघत होती," आजी म्हणाल्या.

त्या चित्रात दार नाही. भिंत आहे आणि फडताळ आहे. ते चित्र मीच निवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन बाईंच्या घरी गेलो. माफीही मागायची होती आणि सहीचा सोक्षमोक्षही लावायचा होता. बाईंनी कॉफी ओतली, वेलची घातलेल्या गोड पावाचे काप पुढे ठेवले. स्वयंपाकघराच्या सरोवराकडच्या खिडकीचा पडदा भर सकाळी बंद होता. मी त्यांना सगळं सांगितलं. तुमच्या मुलाच्या नावाने यंत्र भलतंसलतं बोलतंय, त्याच्या कानावर घाला, आणि एकदाची सही घ्या, म्हटलं.

"नेमकी काय म्हणाली ती?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

"चार म्हणाली?"

"हो. अंधार लवकर पडतो म्हणून. कंपनीवाल्याने सांगितलं."

बाई उठल्या आणि पेन काढायला त्यांनी कोपऱ्यातला खण ओढला. तो पूर्ण बाहेर आला. आत हातमोजे होते. मोठे, छोटे, एकापेक्षा एक थोडे थोडे मोठे. प्रत्येक जोडीला बर्निसआजींच्या हातची चिठ्ठी तशीच टाचलेली. पंधरा वर्षांत त्यांतला एकही घरातून बाहेर गेला नव्हता. मी त्या खणाकडे बघत राहिलो आणि बाई माझ्याकडे. मग त्या खुर्चीत बसल्या.

"तो सात वर्षांचा होता, वेस."

सहा डिसेंबर १९९१. त्यांच्या देशाचा स्वातंत्र्यदिन, शाळेला सुट्टी. त्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक घराच्या खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. या वर्षी काडी मी ओढणार, असा एरोचा हट्ट होता. म्हणून तो बर्फावरून घसरायची स्लेज घेऊन निघाला तेव्हा बाईंनी त्याला दारात बजावलं, चारला घरी ये. तळ्यावर बर्फ नुकताच धरला होता. बाईंनी चारपर्यंत वाट पाहिली, मग सव्वाचारपर्यंत. उशीर केला म्हणून त्याला चांगलं रागवायचं ठरवलं. तो सापडला दुसऱ्या दिवशी.

"ते वाक्य मी त्यानंतर कुणासमोर उच्चारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "नवऱ्यासमोरही नाही. वर्गात तर नाहीच."

मी पावाचा काप हातात धरून बसलो होतो, तो खाली ठेवायचंही भान नव्हतं.

दोन वर्षांनी त्या एकट्या इकडे आल्या आणि शिकवायला लागल्या. पहिल्याच वर्षी तिसऱ्या धड्याला एका मुलीने विचारलं, तुम्हाला मुलं आहेत का? तिसऱ्या धड्यात आई, बाप, भाऊ, बहीण, रंग आणि वीसपर्यंतचे आकडे असतात. मरण एकोणिसाव्या धड्यात येतं.

"सोळा जण माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना समजेल असं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, एक मुलगा आहे, एरो नाव. आणि वेस, त्या दिवशी घरी जाताना मला भूक लागली. दोन वर्षांनी पहिल्यांदा."

मग ते थांबवता आलं नाही. जुने विद्यार्थी पुढच्या वर्षी पुन्हा यायचे, त्यामुळे त्याला एकाच वयावर थांबवणं शक्य नव्हतं. दर सप्टेंबरात त्याला एक वर्ष द्यावं लागायचं. बाईंनी त्याला सैन्यात धाडलं, शिकवलं, लग्न करून दिलं. पाण्याच्या जवळ मात्र त्याला एकदाही जाऊ दिलं नाही. जहाजाची इंजिनंसुद्धा तो किनाऱ्यावरच्या कारखान्यात दुरुस्त करायचा. सप्टेंबरात मी फार मागे लागलो म्हणून तेवढं एकदा त्याला जहाजावर पाठवावं लागलं. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणाल्या.

मला माझाच राग आला. त्या खुणा केलेल्या कागदाचा आला, वकिलांचा आला. नियम स्पष्ट होता. सही नसेल तर ते माणूस हेल्मीमधून काढून टाकायचं. मयत असेल तर जवळच्या नातेवाइकाने तारीख लिहून सही करायची, आणि तरी काढूनच टाकायचं. कुठूनही गेलं तरी एरो जाणार होता.

"बाई, मी तो रकाना कोरा सोडतो," मी म्हटलं. "वकील वाचत नाहीत. राहू दे त्याला."

बाईंनी खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं.

"आणि ती? ती रोज दुपारी चारची वाट बघत बसणार?" त्या म्हणाल्या. "मी बसलेय तशी. दुसऱ्या कुणाला तसं बसवायचं नाही मला. ती यंत्र असली तरी."

सहा डिसेंबर दोन दिवसांवर होता. सहा तारखेला दुपारी बाई कॉलेजात माझ्या खोलीत आल्या. तोपर्यंत त्या हेल्मीशी एकदाही बोलल्या नव्हत्या, तिचं तोंडही त्यांनी धड पाहिलेलं नव्हतं. कोट न काढताच त्या पडद्यासमोर बसल्या. मी शेजारी बसून भाषांतराच्या ओळी वाचत होतो. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बाहेर अंधारून आलं होतं.

हेल्मीने विचारलं, किती वाजले?

बाईंनी खरी वेळ सांगितली. हेल्मीची मान हळूहळू उजवीकडे वळली.

"मला इथून दिसत नाही," ती म्हणाली. "तो येतोय का?"

मला वाटलं, आता त्या तिला एकोणिसावा धडा शिकवतील. मी तर त्यासाठीच मन घट्ट करून बसलो होतो. आयुष्यभर चुका दुरुस्त केलेली बाई, आणि समोर चुकीचं बोलणारी विद्यार्थिनी.

"आला," बाई म्हणाल्या. "दारात बूट काढतोय."

"भिजलाय का?"

"मोजे ओले आहेत. बाकी कोरडा आहे."

"मी त्याला रागावणार होते."

"नका रागावू. भूक लागलीय त्याला." बाईंचा आवाज वर्गात असतो तसाच सावकाश होता, एकेक शब्द सुटा. "मटार तेवढे वाढू नका. आणि काडी त्याला ओढू द्या."

"बरं," हेल्मी म्हणाली. तिची मान सरळ झाली. "दार लावून घ्या. गार वारा येतोय."

माझ्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं. बाई उठल्या, दार लावून आल्या. मग त्यांनी माझ्यासमोरचा कागद ओढला, माझी हयातची खूण खोडली आणि मयतच्या पुढे तारीख लिहिली. शिक्षकांचं असतं तसं ठळक अक्षर. खाली सही केली.

"आता काढ त्याला," त्या म्हणाल्या.

काढायला नऊ दिवस लागले. चार हजार एकशे बारा वाक्यं, प्रत्येक वाक्य ऐकून मग पुसायचं, असा नियम. मी अलीकडून मागे गेलो. वेन्ला गेली, नूरा गेली, नोकरी गेली, सैन्य गेलं. सगळ्यांत शेवटी २००३ मधलं राहिलं. त्यात बाई तरुण दिसतात आणि विचारणाऱ्या मुलाला म्हणतात, हो, माझा एरो आज घरी येणार आहे. ते मी दोनदा ऐकलं, आणि मग पुसलं.

प्रयोग यशस्वी झाला. फिनिशचा वर्ग राहिला आणि डीनचा फोटो पेपरात आला. बाई उन्हाळ्यात निवृत्त झाल्या.

पण त्याआधी, नाताळच्या दोन दिवस आधी, बर्निसआजींचा फोन आला होता.

"अरे वेस, हेल्मी म्हणते मला मूलबाळच नाही. कितीदा विचारलं, एकच उत्तर. आता मी कुणाला विचारू? हिल्काला विचारायचा धीर होत नाही. तो बर्फावरून आला की नाही?"

खोटं बोलणाऱ्यांवर मी आयुष्यभर चिडत आलोय. घरचे म्हणतात, तुझ्या जिभेला हाड नाही, पण तिच्यावर खोटं तरी नाही.

"आला आजी," मी म्हटलं. "चार वाजून दहा मिनिटांनी."

"म्हणजे उशीर केलाच."

"थोडा."

"रागावली नाही ना ती त्याच्यावर?"

"नाही," मी म्हटलं. "जेवायला वाढलं."

आजी म्हणाल्या, बरं केलं, आणि या वर्षीचे हातमोजे कालच टपालात टाकलेत, पोचले का तेवढं बाईंना विचार.